मोर्तब कापलेला कागद

१

उभी हयात मी नाशिकच्या कोर्टात वकिली केली, आणि आता नोटरी आहे. माझ्यासमोर येऊन कुणी देवाच्या, आईच्या, पोराबाळांच्या शपथा घेतल्या तरी मी आधी आधार कार्ड बघते, मग तोंडाकडे बघते आणि मगच सही करायला लावते. तेव्हा पुढे जे सांगतेय ते एखाद्या भाबड्या बाईचं सांगणं आहे असं समजू नका. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर तोंडावर हसत आले. अजूनही हसेन, जमलं तर.

मला नाद जुन्या सह्यांचा. रोज सह्याच बघून दुसऱ्या कुणाला वीट आला असता, माझं उलटं झालं. एखाद्या संस्थानिकाची तोऱ्यातली सही, नाटक कंपनीतल्या नटाने बिऱ्हाडातून घरी लिहिलेलं रडगाणं, तुरुंगातून आलेलं सेन्सॉर झालेलं कार्ड, असं काय काय मी लिलावांतून गोळा केलंय. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटची मधली खोली मी या कागदांना दिली. मूलबाळ नाही, म्हणून सासरची माणसं म्हणतात, सरिताने कागद पोसले. म्हणू देत की.

दिनेश माझा नवरा. लॉ कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी रुजलंच नाही. वकिली त्याला मानवली नाही. तो शाळेत इतिहास शिकवायला गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथे खूश राहिला. मोडी लिपी तो पेपर वाचावा तशी वाचतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमची वाटणी ठरलेली होती. बोली मी लावायची. कागद घरी आला की दिनेशने तो मोठ्यांदा वाचायचा आणि मी खुर्चीवर पाय घेऊन ऐकायचं. मग तो पेन्सिलीने देवनागरीत नक्कल काढून फाईलला लावायचा. संसारातलं हे सुख बाकी कुठल्याही सुखापेक्षा मोठं होतं, असं मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मार्चमधल्या एका रविवारी फोनवर लिलाव चालू होता. पेशवाईतलं एक मोडी पत्र निघालं. कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं, मोर्तब नाही. जुन्या सरकारी पत्राच्या शेवटच्या शब्दाला अगदी खेटून एक छोटा शिक्का उठवायचे, त्याला मोर्तब म्हणतात. इथे मजकूर संपला, पुढे कुणी एक अक्षर घुसडायचं नाही, असा त्याचा अर्थ. आम्ही नोटरी लोक कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढतो ना, तेच काम. या पत्राचा शिक्का कुणीतरी ब्लेडने चौकोनी कापून नेला होता. शिक्के गोळा करणारे वेगळे आणि पत्रं गोळा करणारे वेगळे, त्यामुळे व्यापारी एका कागदाचे दोन माल करतात.

दिनेश म्हणाला, नको घेऊस, हा कागद उघडा पडलाय. मी म्हटलं, कुणी बोलीच लावत नाहीये, बिचारा पडून राहील. ज्याला कुणी हात लावत नाही त्याला मी मुद्दाम हात लावणार, हा माझा जुना रोग. कागद मला मिळाला.

२

पत्र आलं त्या दुपारी मी शिरस्त्याप्रमाणे आधी ते स्कॅन केलं. वरचा कोपरा कसरीने खाल्ला होता, आणि नेमकं ज्याला पत्र लिहिलं त्याचं नावच गेलं होतं. शेवटच्या ओळीपुढे चौकोनी भोक आणि त्याखाली वीतभर कोरा कागद.

दिनेशने चष्मा पुसला आणि वाचायला लागला. पत्र पावताच स्वार होऊन येणे. घरचे काम, शेतीचे काम, दुखणे, सोयरसुतक, काही न सांगणे. येथे जागा करून ठेविली आहे. उजूर न करणे.

"हे तर समन्सच आहे गं," तो हसत म्हणाला. "उजूर करायचा नाही, हरकत घ्यायची नाही. म्हणजे तुझी वकिली बंद."

मीही हसले. कुठे यायचं, कशाला यायचं, कुणी बोलावलं, काहीच त्यात नव्हतं. कागद उचलून काचेच्या पेटीत ठेवताना टेबलावर थोडी काळी वाळू सांडली. त्या काळी शाई टिपायला ओल्या अक्षरांवर वाळू टाकायचे आणि मग झटकायचे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे कण अजून कागदाला चिकटून राहिले, याचं दिनेशला कोण कौतुक वाटलं. त्याने ते बोटाने गोळा करून एका डबीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या आत, काचेवर, पुन्हा वाळू होती.

३

समोर बिल्डिंगचं काम चालू आहे, सगळ्या गंगापूर रोडवर चालूच असतं. धूळ येणारच. मी काच पुसली. रोज पुसत राहिले. खिडकी बंद, पडदा बंद, पेटीला रबराची कड, आणि तरी वाळू आतल्या बाजूला. तरीही मी धूळच म्हणत होते. माणसाला धूळ म्हणायला काही लागत नाही.

मग एका दुपारी विम्यासाठी नवा फोटो काढला, आणि सवयीने जुन्या स्कॅनशी ताडून बघितला. चौकोनी भोकाच्या खाली, जिथे कागद कोरा होता, तिथे एक ओळ होती.

माझं डोकं फिरलं. दिनेशकडे बोरू आहे, दौत आहे. मोडी शिकवायच्या वर्गासाठी तो घरी शाई बनवतो. मी त्याला खोलीत बोलावलं आणि झाप झाप झापलं. लिलावात घेतलेल्या अस्सल कागदावर गिरवायला सुचलं तरी कसं, लहान आहेस का, उद्या कुणी तपासलं तर बनावटीचा शेरा माझ्या नावावर बसेल. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वाकून ती ओळ बघितली. मी नको म्हणायच्या आत त्याने ती सवयीने मोठ्यांदा वाचली.

"अद्याप निघाला नाही. वाट पाहतो."

तो म्हणाला, हे मी लिहिलं नाही, सरिता. वरचं नि खालचं अक्षर एकाच हाताचं आहे, मला असं अक्षर काढता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही. त्याला येतच नाही खोटं बोलायला, म्हणून तर वकिली जमली नाही.

त्याच दिवसापासून आवाज सुरू झाला. दुपारी जेवणं आटोपली, बिल्डिंगवरचे मजूर सावलीला पडले, की मधल्या खोलीतून करकर करकर ऐकू यायची. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी आत गेले की बंद. मी म्हटलं, लाकडात भुंगा शिरलाय. कीड मारणाऱ्याला बोलावलं. तो टेबलाच्या चारही पायांना कान लावून, ठोकून म्हणाला, मॅडम, लाकूड एकदम ठणठणीत आहे. तरीसुद्धा मी त्याला फवारायला लावलं. दोन दिवस घरभर औषधाचा वास, आणि दुपारी त्या वासातून करकर करकर. आवाज टेबलाच्या खालून यायचा, टेबलावरून नाही, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

४

दिनेश दुपारी झोपेनासा झाला. जेवण झालं की बूट चढवून दाराशी उभा राहायचा. कुठे निघालास विचारलं की दचकायचा आणि बूट काढायचा. एकदा अर्ध्या पानावरून उठला. एकदा माझ्या बहिणीशी फोनवर बोलता बोलता म्हणाला, बरं, आता निघायला हवं, आणि फोन चालूच ठेवून दाराकडे चालू लागला.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. मला खरं तर डॉक्टरांकडून आजाराचं नावच हवं होतं. विसरण्याचा आजार असेल तर त्याला गोळ्या असतात, त्याची माहितीपत्रकं असतात, बायकांनी काय करायचं ते त्यात छापलेलं असतं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. दिनेशने सगळं बिनचूक केलं. वरून डॉक्टरांना त्यांच्या भिंतीवरच्या जुन्या नकाशातली एक चूक दाखवली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, थोडा ताण असेल. बाहेर येऊन मी गाडीत बसून रडले. नवरा धडधाकट निघाला म्हणून रडणारी बाई तुम्ही बघितली नसेल.

त्यानंतरच्या आठवड्यात मी कोर्टात असताना तो निघाला. एका ओळखीच्या रिक्षावाल्याने मला फोन केला, सर नदीकाठी उभे आहेत, हाका मारतोय तर बघत नाहीत. एप्रिलचं ऊन, डोक्यावर टोपी नाही. सोमेश्वरच्या पुढे गोदावरीच्या काठी, खडकावर, तो पलीकडे तोंड करून उभा होता. कुणी आपल्याला न्यायला येणार आहे आणि उशीर झालाय, तसा. मी हात धरला तेव्हा तो हात थंडगार लागला.

"मला कुणीतरी बोलावतंय," तो म्हणाला. "कुठे ते कळत नाही. पण सरिता, मला नको म्हणता येत नाही गं. तू म्हण ना."

तेवढंच. मी त्याला रिक्षात घातलं. आयुष्यात इतकी मी कधी घाबरले नव्हते आणि इतकी कधी चिडलेही नव्हते. घरी येईपर्यंत भीती खाली बसली होती, चीड तेवढी उरली होती.

५

पत्राच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली होती. ती किशोरची खूण. पंचवटीत भाजी बाजाराच्या मागच्या बोळात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. समया, नाणी, जुने फोटो, आणि आत माळ्यावर कागद. मी त्याच्याकडून पूर्वी बरंच घेतलंय. म्हणजे त्यानेच हा कागद लिलावात सोडला होता आणि मला चकार शब्द सांगितला नव्हता.

दिनेशजवळ बहिणीला बसवून मी गेले. किशोर गिऱ्हाइकाशी बोलत होता. मला बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. गिऱ्हाइकाला त्याने वाटेला लावलं, शटर अर्धं ओढलं. मला शिव्या घालायच्या होत्या, पण त्याने संधीच दिली नाही. सरळ विचारलं, कुणी वाचलं, ताई? मोठ्यांदा वाचलं का?

मग त्याने सांगितलं. मोर्तब त्यानेच कापलं. शिक्क्याला गिऱ्हाईक तयार होतं, तो परदेशात पाठवून दिला, आता परत मिळणं शक्य नाही. किशोरला मोडी येत नाही. कापल्यावर राहिलेल्या कागदात काय आहे, हे विचारायला त्याने तो वडिलांपुढे धरला. वडिलांनी वाचून दाखवला. महिनाभर दुकानात करकर चालू होती, आणि वडील चप्पल घालून पायरीवर बसून राहायचे. मग एका दुपारी गेले. भर बाजारातून, भाज्यांच्या पाट्यांमधून चालत गेले, चार लोकांनी रामराम घातला त्यालाही उत्तर दिलं नाही. पोलिसांत तक्रार आहे, गोदावरीत शोध झाला, काही सापडलं नाही. ते गेले त्या दिवसापासून आवाज बंद.

"मला वाटलं, दुसऱ्या कुणी वाचलं तर ते सुटतील," किशोर म्हणाला. खाली बघत होता. "म्हणून लिलावात सोडला. पण उशीर झाला होता, ताई. एकदा गेलेला येत नाही. तुमचे सर अजून घरात आहेत ना? मग तुम्ही लगेच विकून टाका. कुणीही वाचू दे. त्यांचं सुटेल."

त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. बापासाठी केलं होतं त्याने. पण मी म्हटलं, किशोर, तू तुझ्या बापाच्या जागी माझा नवरा उभा केलास, आता मी कुणाचा करू? दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या संग्राहकांना मी ओळखते. प्रत्येकाच्या घरात मागे कुणीतरी खुर्चीवर बसून ऐकणारं आहे. मी शटर वर ढकललं आणि निघाले.

६

जाळून टाक, असं तुम्ही म्हणाल. बहीणही तेच म्हणाली. मी अर्ध्या रात्री नाही, चांगल्या भर सकाळी गॅसपाशी कागद घेऊन उभी राहिले होते. पण नोटीस फाडली म्हणून दावा निकाली निघत नाही, उलट उत्तर द्यायची जागा जाते. हे मी अशिलांना आयुष्यभर सांगत आले. बोलावणं राहिलं आणि कागद गेला तर मी बोलणार कुणाशी?

मग मला येतं ते मी केलं. मोर्तब कापलंय ना, मी दुसरं मारते. शेवटच्या ओळीखालून कागदाच्या तळापर्यंत लाल शाईची जाड तिरपी रेघ ओढली. तिच्यावर माझा नोटरीचा शिक्का, सही, तारीख. अस्सल कागदाची माती केली, संग्राहक म्हणून मला फाशी द्यायला हवी.

दोन दुपारी शांततेत गेल्या. दिनेशने बूट कपाटात ठेवून दिले. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दुपारी तो दिवाणावर पडला होता, मी शेजारी उशीचे अभ्रे बदलत होते. मधल्या खोलीला कुलूप होतं. आतून करकर सुरू झाली. दिनेश छताकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तो विचारतोय, मध्ये ही बाई कोण."

मी अभ्रा टाकला आणि जाऊन कुलूप काढलं. लाल रेघ जशीच्या तशी होती, तिच्यावर एक टिंबसुद्धा उमटलं नव्हतं. पण जुने लोक कागद संपला की तो आडवा फिरवून समासात लिहायचे, तसा डाव्या समासात वरपासून खालपर्यंत मजकूर चढला होता. अक्षरांवरची वाळू अजून ओली होती. मला ते वाचता येत नव्हतं, पण त्याने मला बाई म्हटलंय एवढं कळलं होतं.

"बायको आहे त्याची," मी त्या रिकाम्या खोलीला म्हटलं. "खाली सही आहे, बघ नीट."

दिवाणखान्यात आले तर दिनेश उठून बसला होता. त्याने माझ्याकडे ओळखत नसल्यासारखं बघितलं, आणि मग ओळखून कसंनुसं हसला. म्हणाला, आता माणूस पाठवतो म्हणतोय, घ्यायला.

७

नोटीस ज्याला बजावली त्याच्यावर ती लागू होते. पत्रावर नाव उरलेलं नाही, म्हणजे जो तोंडाने वाचील त्याच्यावर बजावणी झाली. किशोरच्या बापावर झाली, दिनेशवर झाली. मग माझ्यावर का होऊ नये? दिनेशला नको म्हणता येत नाही. मला दुसरं येतं काय?

आधी मी सोपा मार्ग धरला. दिनेशने पेन्सिलीने काढलेली देवनागरी नक्कल फाईलमधून काढली, दार लावून घेतलं आणि खणखणीत वाचली. काही झालं नाही. बाहेर दिनेश बूट घालून उभा होता तो उभाच. मला तशातही हसू आलं. नक्कल चालत नाही, मूळ कागदच लागतो. कोर्टात हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलंय.

म्हणून मी मोडी शिकायला बसले. दिनेशच्या वर्गातलं पुस्तक, पोरांच्या वह्यांसारखी रेघारेघांची वही. दाराला आतून टाळं, किल्ली माझ्या कंबरेला, आणि मी दाराला पाठ लावून जमिनीवर. दिनेश समोर खुर्चीवर. त्याला मी अक्षरं विचारत नव्हते, विचारलं असतं तर त्याने मूळ कागद मागितला असता. मी एकटीच झगडत होते. सगळी अक्षरं एकमेकांना धरून पळतात, कुठे एक शब्द संपला आणि कुठे दुसरा लागला, पत्ता लागत नाही. आयुष्यभर या लिपीला हसले होते, त्याचा तिने पुरेपूर सूड घेतला. बहीण डबा आणायची, तो मी दार हातभरच उघडून घ्यायचे. मी काय करतेय ते तिला सांगितलं नाही, ती समजली की दिनेशचं वाढलंय.

आणि वाढलंच होतं. तो आता जेवायचं विसरायचा. घास हातात घेऊन दाराकडे बघत बसायचा. मी भरवलं तर खायचा. एका दुपारी दारावर कुणीतरी हलकेच, बोटांच्या पेरांनी, टकटक केली. माझ्या पाठीला ती लाकडातून लागली, माझ्या कमरेच्या उंचीवर. मी जमिनीवर बसलेले, म्हणजे बाहेरचाही बसलेलाच असणार. दिनेश उठला. मी त्याचे दोन्ही पाय मिठीत धरले आणि तो खुर्चीवर परत बसेपर्यंत सोडले नाहीत. दाराच्या भिंगातून बघायला मी उठले नाही. बाहेर कुणी सेल्समन असेल. असू दे.

त्या संध्याकाळी पहिली ओळ मला अडखळत का होईना, वाचता आली.

८

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी मधल्या खोलीत गेले. दार उघडंच ठेवलं, दिनेश माझ्या नजरेसमोर हवा होता. बाहेरच्या दाराची किल्ली मुठीत होती. पेटीतून कागद काढून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, चष्मा लावला. करकर चालूच होती. पूर्वी मी आत आले की थांबायची, आज थांबली नाही.

मी वाचायला लागले. पहिलीतल्या पोरासारखी, अक्षरावर बोट ठेवून. पत्र पावताच. स्वार होऊन येणे. घरचे काम, शेतीचे काम. मी आवाज खाली येऊ दिला नाही. दुखणे. सोयरसुतक. येथे जागा करून ठेविली आहे. दिवाणखान्यात दिनेश दाराच्या कडीशी खटपट करत होता. कडी वाजत होती आणि मी वाचत होते. उजूर न करणे.

"उजूर आहे," मी म्हटलं. "याचा नाही. माझा."

करकर थांबली. कडीही थांबली.

तेव्हा मला दिसलं. इतके दिवस मी टेबलाच्या उंचीवर बघत होते, खुर्चीत, खिडकीशी, माणूस जिथे असायला हवा तिथे. जुने कारकून टेबल-खुर्चीवर कुठे बसायचे? जमिनीवर मांडी घालायचे, एक गुडघा उभा करायचे आणि गुडघ्यावर कागद धरून लिहायचे. टेबलाच्या कडेखाली, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर, तसा एक उभा गुडघा होता. पांढरं कापड, पिवळट पडलेलं. गुडघ्यावर कागद, कागदावर मनगट, मनगटाखाली बोरू. बोरूच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत होता आणि तो पडत नव्हता. मनगट माझ्या उत्तरावर थांबलं होतं. जरा वाकले असते तर चेहराही दिसला असता. मी वाकले नाही. माझ्या घरात न विचारता बसलेल्या माणसापुढे मी का म्हणून वाकू?

मग बोलावणं आलं. दिनेशला नीट सांगता येत नव्हतं ते का, हे मला कळलं. आवाज नसतो. एकदम आठवतं, की आपण कुणालातरी ताटकळत ठेवलंय, आणि भयंकर लाज वाटते. इतकी लाज, की पाय आपोआप उठतात. आता निघायलाच हवं, बाकी सगळं नंतर. मी उभी राहिले होते. केव्हा राहिले ते कळलंच नाही. मुठीतली किल्ली दोन बोटांत धरली होती, कुलपात घालायची तशी.

त्याच वेळी स्वयंपाकघरात भांडं वाजलं. नळ सुटला. दिनेश कडी सोडून तिकडे गेला होता. कितीतरी दिवसांनी तो स्वतःहून स्वयंपाकघरात गेला होता, आणि त्याचा आवाज त्याचा होता, थोडा झोपेतून उठल्यासारखा, थोडा कुरकुरता.

"सरिता, कुणाशी बोलतेयस गं? कोण आलंय? चहा टाकतोय, किती कप टाकू?"

टेबलाखाली बोरू कागदाला टेकला. माझे पाय दाराकडे वळले होते. मी खुर्चीची पाठ धरली, स्वतःला ओढत मागे आणलं आणि बसले.

"दोनच टाक," मी ओरडले. "तू नि मी. दुसऱ्या कुणाला या घरात चहा नाही."

आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरून बसून राहिले.